वळिवडे ते पन्हाळा : घर हरवलेल्या मुलांचं शिबिर

वळिवडे स्टेशनवर उतरा. साल १९४३, महिना जून. मृग लागला आहे, जमीन भिजून काळी झाली आहे आणि मिरजेकडून आलेली गाडी वाफ सोडत उभी आहे. डब्यांतून उतरणारी माणसं पाहा. बायका आणि मुलं, पुन्हा बायका आणि मुलं. पुरुष अगदी थोडे, तेही वयानं थकलेले. सामान म्हणजे एखादं बोचकं, एखादी पत्र्याची पेटी. फलाटावरचे हमाल पुढे सरसावतात आणि थांबतात, कारण उचलण्याजोगं ओझं कुणाकडेच नाही.

एका बाईच्या मुठीत जपमाळ आहे. जवळ जाऊन पाहा. मणी लाकडाचे नाहीत. पाव मळून, त्याच्या गोळ्या वाळवून दोऱ्यात ओवल्या आहेत. सोव्हिएत छावण्यांत पाव तोलून मिळायचा, आणि तिथे पोटाला चिमटा काढून लोकांनी अशा माळा केल्या. ही माळ भुकेच्या दिवसांत खाता आली असती. ती खाल्ली गेली नाही. या लोकांना समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

तुम्ही आजच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे आणि मागचंही. मागचं थोडक्यात असं : हे पोलंडच्या पूर्व भागातले कॅथलिक शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, पोलीस, सैनिक यांच्या घरातले लोक. सप्टेंबर १९३९ मध्ये एका बाजूनं हिटलर आणि दुसऱ्या बाजूनं स्टालिन त्यांच्या देशात घुसला. १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत पहाटे दारं ठोठावली गेली, थोडा वेळ दिला गेला आणि घरंच्या घरं मालगाड्यांत भरून उत्तर रशियात, सैबेरियात नेली गेली. एप्रिलमध्ये पुढची लाट कझाकस्तानात गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभं केलं. १९४२ मध्ये ते सैन्य आणि त्याच्या आसऱ्यानं निघालेली हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुढे तेहरान, इस्फहान, कराची आणि आता वळिवडे. वाटेत टायफसनं, आमांशानं, भुकेनं जी गेली त्यांच्या कबरी उझबेकिस्तानपासून इराणच्या किनाऱ्यापर्यंत पसरल्या आहेत. जिवंत पुरुष सैन्यात आहेत, म्हणून फलाटावर दिसत नाहीत.

जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून अवघ्या काही मैलांवर सुमारे पाच हजार पोलिश माणसांचं एक अख्खं गाव पाच वर्षं नांदलं, हे मात्र कोल्हापुरातही सगळ्यांना ठाऊक नसतं. म्हणून तुम्हाला इथे आणलं.

चला, आत या. बराकींच्या रांगा लागल्या आहेत. वर कौलं, भिंती चटयांच्या, खिडक्यांना काचा नाहीत. एकेका कुटुंबाला खोली, छोटं स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. शेजारच्या बाईनं स्वप्नात हाक मारली तरी ऐकू येते, इतक्या त्या भिंती पातळ. पहिल्या पावसात पाणी आत येतं, विंचू निघतात, रात्री डास झोपू देत नाहीत. काही महिने पुढे सरका. तेच व्हरांडे आता फुलांनी भरले आहेत. बायकांनी बी मिळवलं, वाफे केले, वेल चढवले. शाळा सुरू झाल्या आहेत, बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत. दवाखाना आहे, अनाथाश्रम आहे, शिवणकामाची सहकारी संस्था आहे, नाटकाचा रंगमंच आहे आणि चर्च आहे. लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार खर्च करतं आहे. मुंबईचे पोलिश कॉन्सल जनरल युगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा हे दोघं या कामामागे धावपळ करत आहेत.

फाटकापाशी बाजार भरतो. वळिवड्याची, आसपासच्या खेड्यांतली माणसं भाजी, अंडी, कोंबड्या घेऊन बसली आहेत. "घ्या की ओ बाई, ताजी हाय," असं म्हणून झाल्यावर भाजीवाला दर सांगतो तो थेट पोलिशमध्ये. बाई पोलिशमध्येच घासाघीस करते आणि तो पोलिशमध्येच मान हलवतो. आकडे, भाज्यांची नावं, नमस्कार, रागावणं, सगळं त्याला येतं. शाळेत न गेलेल्या या माणसांनी वर्षभरात जी भाषा उचलली, तिचं कौतुक इथे करतो.

आता संध्याकाळ होऊ द्या. महिना मे, साल १९४४. कॅथलिक जगात मे महिना येशूच्या आईचा, मरियेचा. पोलंडच्या खेड्यांत या महिन्यात संध्याकाळी रस्त्याकडेच्या छोट्या देवळीपाशी लोक जमतात आणि मरियेची लितानी म्हणतात. इथेही बराकींमधल्या मोकळ्या जागेत तिची तसबीर मांडली आहे. ती चेंस्तोहोवाची काळी मरिया, गालावर व्रण असलेली. एक बाई मरियेचं एकेक नाव घेते आणि बाकीच्या मिळून आळवणी करतात. तुम्ही मागे उभे राहा. शब्द कळणार नाहीत, पण लय कळेल. नामाच्या मागे नाम, आणि प्रत्येक नामानंतर तीच विनवणी. विष्णुसहस्रनाम ऐकत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

त्याच महिन्यात, १८ मे रोजी, इटलीत मॉन्ते कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश झेंडा चढला. जर्मनांनी महिनोन्‌महिने धरून ठेवलेला तो डोंगर अखेर अँडर्स यांच्या सैन्यानं घेतला. तुम्ही ही बातमी वळिवड्यात येताना पाहा. आधी टाळ्या, मग गाणं आणि मग एकदम शांतता, कारण प्रत्येकीला एकच प्रश्न पडलेला. त्या डोंगरावर कुणाचा नवरा होता, कुणाचा मोठा भाऊ. पत्रं यायला वेळ लागणार. तोवर लितानी चालू. काही घरी पत्र आलं, काही घरी वेगळाच कागद आला.

या वस्तीत मुलांची संख्या फार मोठी आहे, आणि ही मुलं साधी नाहीत. आठ वर्षांच्या मुलानं आईला पुरताना पाहिलं आहे. बारा वर्षांच्या मुलीनं धाकट्या भावाला पाठीवर घेऊन वाळवंट तुडवलं आहे. खोटं बोलल्याशिवाय, चोरल्याशिवाय पाव मिळत नव्हता, म्हणून ती खोटं बोलायला आणि चोरायला शिकली. उशीखाली पाव लपवून झोपायची सवय कोल्हापुरात आल्यावरही मोडत नाही. अशा मुलांचं करायचं काय? भरपेट जेवण त्यांचं शरीर भरून काढेल. आतलं कोण भरणार?

वळिवड्यानं याचं उत्तर दोन वाटांनी दिलं. एक मरियेच्या सोडॅलिटीची, दुसरी स्काउटची. पोलिश माणसाच्या मनात या दोन वाटा वेगळ्या नव्हत्याच.

सोडॅलिटी ही जुनी भक्तिसंघटना. १५६३ साली रोममधल्या जेझुइट महाविद्यालयात जाँ लेओनिस नावाच्या तरुण शिक्षकानं विद्यार्थ्यांचा एक गट जमवला. रोज थोडी प्रार्थना, आठवड्याला एकत्र बसणं, अभ्यास आणि गरजूंची सेवा, हे सगळं मरियेच्या नावानं. ती पद्धत जगभर पसरली, पोलंडच्या शाळांत खोल रुजली आणि तिथून विस्थापितांच्या बोचक्यांतून वळिवड्याला आली. बैठकीला बसा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आहेत, गळ्यात निळ्या फितीत ओवलेलं पदक. फादर दोन शब्द बोलतात आणि मग कामाची वाटणी होते. दवाखान्यात कोण जाणार, अनाथाश्रमातल्या लहानग्यांना रात्री गोष्ट कोण सांगणार, वेदीवरची फुलं कोण बदलणार, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आजींना पत्र कोण वाचून दाखवणार. प्रार्थनेला जितका वेळ, त्याहून अधिक वेळ या वाटणीला. ज्या मुलीचं स्वतःचं कुणी उरलेलं नाही, तिला इथे कुणीतरी विचारतं, "तुझ्याकडे कोणाची जबाबदारी?" मला वाटतं, त्या मुलीला माणसांत परत आणायला या एका प्रश्नानं जितकं केलं तितकं सांत्वनाच्या शब्दांनी केलं नसेल.

पुढच्या वर्षी या. ३१ मे १९४५, गुरुवार, ख्रिस्तशरीराचा सण. पोलिश रिवाजाप्रमाणे मिरवणूक चार वेद्यांपाशी थांबते. पांढऱ्या झग्यांतल्या लहान मुली उलट्या पावली चालत पवित्र प्रसादापुढे पाकळ्या उधळतात. पोलंडात या दिवसांत गुलाब आणि पिओनी फुलतात. इथे गुलमोहर पेटलेला आहे, तेव्हा टोपल्यांत लाल गुलमोहर. कुंपणाबाहेर वळिवड्याची माणसं उभी आहेत. देव चालला आहे हे त्यांना सांगावं लागत नाही, ती आपोआप हात जोडतात.

त्या मिरवणुकीतल्या मोठ्या माणसांचे चेहरे मात्र नीट पाहा. तीन आठवड्यांपूर्वी युरोपातलं युद्ध संपलं. जग नाचलं. वळिवड्यात कुणी फारसं नाचलं नाही. फेब्रुवारीत याल्टाला तीन मोठ्या नेत्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि ही माणसं जिथून आली तो सगळा पूर्व भाग, विल्नो, ल्वूव, वोलिन, पोलेसिये, सोव्हिएत संघाकडे गेला. युद्ध जिंकलेल्या बाजूला राहून यांचं घर गेलं. जुलैमध्ये ब्रिटन लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेणार आहे. ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना अजून नाही. गप्प राहा.

आता लॉरीत बसा. पन्हाळ्याला जायचं आहे.

त्या उन्हाळ्यांत पोलिश मुलांची शिबिरं पन्हाळ्यावर भरत असत. हवा थंड, पाणी चांगलं आणि कोल्हापूरपासून वीस किलोमीटरांच्या आसपास. लॉरीत गाणी चालली आहेत. उजवीकडे जोतिबाचा डोंगर येतो. चैत्र यात्रा होऊन गेली आहे, पण गुलालानं रंगलेली एखादी बैलगाडी अजून भेटते. एक मुलगा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारतो की ही माणसं कुठे चालली. उत्तर मिळतं, देवाला. त्याला ते पुरेसं वाटतं. त्याच्या देशातही लोक दर उन्हाळ्यात पायी चेंस्तोहोवाला जातात, गावोगावच्या टोळ्यांनी, निशाणं घेऊन.

या शिबिराचा प्रमुख कोण आहे ते पाहून घ्या. घोडदळातला तरुण अधिकारी, वय पंचविशीच्या पुढे, नाव झ्जिस्वाव्ह पेश्कोव्स्की. रशियातल्या कोझेल्स्कच्या कैदखान्यात चार हजारांहून अधिक पोलिश अधिकारी होते. १९४०च्या वसंतात त्यांना टोळ्याटोळ्यांनी बाहेर नेलं आणि कातिनच्या जंगलात मानेत गोळी घातली. हा वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. त्याच्या बराकीतली, त्याच्या पंगतीतली माणसं गेली आणि हा राहिला. सैन्यातून त्याला इकडे पाठवलं गेलं ते स्काउटचं काम उभं करायला. वळिवड्याच्या फाटकातून तो आत आला तेव्हा त्याला भेटली ती अशा मारल्या गेलेल्या बापांची मुलं. हा योगायोग मला नेहमी थांबवतो. त्यानं सूड शिकवला असता तरी कुणी दोष दिला नसता. त्यानं तंबू ठोकायला शिकवलं.

पहाटे शिट्टी होते. अंग धुवायला थंड पाणी. मग झेंडा, मग प्रार्थना. "चुवाय!" म्हणजे जागे राहा, सावध राहा, हा पोलिश स्काउटचा नमस्कार. तोंडानं म्हणताना मुलांच्या टाचा आपोआप जुळतात. मुलं आपल्या प्रमुखाला "द्रुह" म्हणतात, मुली आपल्या महिला प्रमुखाला "द्रुहना". सर नाही, साहेब नाही, सोबतच चालणारा मोठा भाऊ, मोठी बहीण. शपथ देवाच्या आणि पोलंडच्या सेवेची आहे, आणि नियमांत दारू-तंबाखूला हात न लावणंही आहे. रशियात दहाव्या वर्षी विडी ओढायला लागलेली पोरं इथे आहेत, तेव्हा त्या नियमाला इथे वेगळंच वजन आहे.

रविवारी मोकळ्या माळावर मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. मुलांनी दगड रचून वेदी केली आहे, मागे फांद्यांचा आडोसा, वर दोन काठ्यांचा क्रूस. पन्हाळ्याचा वारा मेणबत्ती टिकू देत नाही, म्हणून दोन मुलं दोन्ही बाजूंना हात धरून उभी आहेत. पूर्ण मिस्साभर ती तशीच उभी राहतात. फादर लॅटिनमध्ये बोलतात, मुलं पोलिशमध्ये गातात, आणि गडावरचा एक गुराखी लांब बसून सगळं पाहतो. त्याची गुरं मात्र वेदीच्या आसपास चरत राहतात. कुणी त्यांना हाकलत नाही.

शिबिराचं काम कष्टाचं आहे. पाणी भरायचं, सरपण आणायचं, पाळीनं स्वयंपाक, पाळीनं पहारा. चुकलेल्याला बोलणी बसतात, पण कुणाला उपाशी ठेवलं जात नाही. उपास ही शिक्षा इथे चालणारच नाही, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. रात्रीच्या पहाऱ्यात दोघं दोघं. एकटं कुणालाच ठेवायचं नाही, कारण अंधाराला घाबरणारी मुलं आहेत आणि ती कशाला घाबरतात ते सगळ्यांना माहीत आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीत जसा प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो, वीणेकरी कुठे, तुळस घेतलेली बाई कुठे, आणि त्या क्रमामुळेच हजारोंच्या गर्दीत कुणी हरवत नाही, तशी ही शिबिराची शिस्त आहे. तिला लष्करी म्हणणारे चुकतात. तिचा उगम भक्तीत आहे. आपली जागा कुणीतरी राखून ठेवली आहे, ही खात्री ती देते.

तिसऱ्या प्रहरी मुलं गड पाहायला निघतात. तुम्हीही चला. तीन दरवाजा, अंबारखान्याची धान्याची कोठारं, अंधारबाव, सज्जाकोठी. गडावरचं कुणीतरी म्हातारं माणूस हातवारे करत गोष्ट सांगतं आणि तोडकंमोडकं इंग्रजी येणारा एक मुलगा बाकीच्यांना समजावतो. १६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला वेढा घातला, शिवाजी महाराज चार महिने आत अडकले. जुलैच्या मुसळधार पावसात रात्री ते निसटले. शिवा काशिदानं त्यांचं सोंग घेतलं आणि मरण पत्करलं. बाजीप्रभूंनी खिंड धरली.

इथे मुलं एकमेकांकडे पाहतात. कारण ही गोष्ट त्यांना वेगळ्या नावांनी ठाऊक आहे. १६५५च्या नोव्हेंबरात स्वीडनच्या फौजेनं चेंस्तोहोवाच्या यास्ना गुरा मठाला वेढा घातला होता. सारा पोलंड पडला होता, राजा देश सोडून गेला होता. मठाधिपती ऑगस्टिन कोर्देत्स्की आणि मूठभर माणसांनी त्या काळ्या मरियेच्या आसऱ्यानं मठ लढवला, आणि नाताळ उलटताच स्वीडिश फौज वेढा उठवून गेली. पुढच्या एप्रिलमध्ये राजानं ल्वूवच्या कॅथेड्रलमध्ये मरियेला पोलंडची राणी म्हणून वंदन करून शपथ घेतली. यास्ना गुरा आणि पन्हाळा यांच्या वेढ्यांमध्ये पाच वर्षांहून कमी अंतर आहे. एका गडाला मरिया, दुसऱ्याला भवानी. सज्जाकोठीवर बसलेल्या एका ल्वूवच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तिचं गाव नकाशातून गेलं आहे, आणि ज्या कॅथेड्रलमध्ये राजानं ती शपथ घेतली तिथे तिचा बाप्तिस्मा झाला आहे. ती खाली पसरलेलं कोल्हापूरचं खोरं पाहते आणि विचारते, "महाराज परत आले का?" म्हातारा म्हणतो, आले.

रात्री शेकोटी. शेकोटीभोवती आधी दंगा, नकला, क्राकोव्याक नावाचा पोलिश नाच. हसून हसून पोरं लोळतात. मग हळूहळू गाणी संथ होतात आणि कुणीतरी बोलायला लागतं. इथे बोलायची सक्ती नाही. पण अंधारात, जाळाकडे बघत, ज्या गोष्टी बराकीत आईपुढेही निघत नाहीत त्या निघतात. "माझ्या भावाला आम्ही बर्फात ठेवलं, जमीन खणता येत नव्हती." बाकीची मुलं चुळबुळत नाहीत, सल्ला देत नाहीत. ऐकतात. आजकाल मनाच्या जखमांवर बोलणारे तज्ज्ञ जे करू पाहतात, त्याचा मोठा भाग या मुलांनी पन्हाळ्याच्या माळावर आपसांत केला.

शेवटी सगळे उठतात आणि गोल करतात. उजवा हात डाव्यावरून घेऊन शेजाऱ्याचा हात धरायचा. निजण्याआधीचं भजन म्हणायचं. मग प्रमुख आपल्या बाजूच्याचा हात हलकेच दाबतो, तो पुढच्याचा, तो त्याच्या पुढच्याचा. दाब गोलाभोवती फिरून प्रमुखाकडे परततो. तुम्ही गोलात घुसू शकता, कुणी हरकत घेणार नाही. एका बाजूचा हात तुमचा हात दाबतो. तुम्ही पुढे दाबता. आता झोपायला जा.

एक गोष्ट मला या मुलांच्या कौतुकाच्या भरात झाकायची नाही. पाच वर्षं राहूनही बहुतेक मुलं मराठी शिकली नाहीत. भाजीवाला पोलिश शिकला, मुलं बाजाराचे चार शब्द शिकली. शाळा पोलिश, देव पोलिश, शेकोटी पोलिश. ही वस्ती जाणीवपूर्वक बेट म्हणून राखली गेली, कारण मोठ्यांना भीती होती की देश गेलाच आहे, आता मुलंही जातील. ती भीती समजते. तरीही वाटतं की बेचाळीसच्या चळवळीनं धुमसणाऱ्या, आपल्याही स्वातंत्र्याची वाट पाहणाऱ्या कोल्हापुरातल्या तरुणांची आणि या मुलांची शिबिरातल्या शेकोटीभोवती गाठ पडली असती, तर दोघांनाही पुष्कळ मिळालं असतं. काही धागे जुळले. एका पोलिश मुलीनं कोल्हापुरातच लग्न केलं आणि ती जन्मभर इथली होऊन राहिली. पण ते अपवाद.

पुढची वर्षं भरभर जातात. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली उरलेली मुलं वळिवड्यात आली. सोबत त्यांचे फादर फ्रांचिशेक प्लुता. ही मुलं कम्युनिस्ट पोलंडकडे सक्तीनं पाठवली जाऊ नयेत म्हणून जामसाहेब, फादर प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी ती कायद्यानं दत्तक घेतली होती. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला. ज्यांना देश उरला नव्हता त्यांनी दुसऱ्याला देश मिळताना पाहिलं. तोवर वस्ती रिकामी व्हायला लागली होती. ज्यांचे पुरुष अँडर्सच्या सैन्यात होते ती कुटुंबं ब्रिटनला, बाकीचे पूर्व आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, कॅनडात, अमेरिकेत, थोडे पोलंडला. १९४८ च्या सुरुवातीला, गांधीजींच्या खुनानंतरच्या जाळपोळीनं कोल्हापूर होरपळत असतानाच्या काळात, शेवटची माणसं निघाली. त्याच बराकींत मग सिंधमधून घरदार सोडून आलेली हिंदू कुटुंबं राहायला आली. आजचं गांधीनगर, जिथे सारा दक्षिण महाराष्ट्र कापड घ्यायला जातो, ते या वस्तीवर उभं आहे. एकाच जमिनीनं पाठोपाठ दोन देशांतल्या उखडलेल्या माणसांना थारा दिला, याचा कोल्हापूरनं अभिमान बाळगावा.

त्या मुलांचं आणि त्यांच्या प्रमुखाचं काय झालं? पेश्कोव्स्की अमेरिकेत गेले, १९५४ साली धर्मगुरू झाले आणि पुढचं आयुष्य कातिनच्या मृतांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेचलं. पोलंड मोकळा झाल्यावर ते परतले, कातिनच्या जंगलात मिस्सा केली आणि क्षमेबद्दल बोलत राहिले. २००७ साली ते वारले. वळिवड्याची मुलं जगभर विखुरली, पण त्यांनी लंडनमध्ये संघटना काढली, म्हातारपणी एकत्र बसून आठवणींचा आणि कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, आणि नातवंडांना घेऊन कोल्हापूरला येत राहिली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. ही मुलं इतकी वर्षं एकमेकांना धरून राहिली ती केवळ दुःख सारखं होतं म्हणून नाही. सारखं दुःख माणसांना पुष्कळदा एकमेकांपासून तोडतं. त्यांना पन्हाळ्यावर हात धरायची सवय लावली गेली होती, आणि ती सवय लावणारी माणसं भक्तीकडे रोजच्या कामाची वाटणी म्हणून पाहत होती. आपल्याकडेही उन्हाळ्यात मुलांची शिबिरं पुष्कळ निघतात, देवस्थानांची, चर्चची, संघटनांची. ती भरवणाऱ्यांनी वळिवड्याकडून एवढं जरूर घ्यावं : प्रत्येक मुलाला कुणाची तरी जबाबदारी द्या, आणि रात्री पहाऱ्यावर कुणालाही एकटं ठेवू नका.

वळिवड्यात जे गेले ते इथेच आहेत. कोल्हापुरात पोलिश दफनभूमी आहे आणि महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलिश लोक २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, प्रत्येक थडग्यावर दिवा लावतात. इथल्या थडग्यांवर दिवा लावायला त्यांच्यातलं कुणी दरवर्षी येऊ शकत नाही. कोल्हापूरकरांनो, यंदा त्या दिवशी मुलांना घेऊन तिथे जा आणि दिवे लावा.